शेजारच्या जोडीचा त्रास: टेलिफोनच्या तारेवरील ब्रॉडबँड आणि क्रॉसटॉक

टेलिफोनच्या तारेवरून येणाऱ्या ब्रॉडबँडचा वेग घसरला की पहिला संशय मोडेमवर जातो, दुसरा कंपनीवर आणि तिसरा पावसावर. त्याच केबलमधून शेजाऱ्याच्या घरी गेलेल्या तारांच्या जोडीवर संशय घेणारे फार थोडे असतात. पण तार आखूड असेल, म्हणजे रस्त्याकडेच्या पिलरपासून (कंपनीची यंत्रे असलेल्या पेटीपासून) घरापर्यंतचे अंतर काहीशे मीटरच असेल, तर खरा गुन्हेगार पुष्कळदा तिथेच सापडतो. केवळ बोलण्यासाठी टेलिफोन होता तेव्हा हा दोष कानांना कळत असे, कारण मागे दुसऱ्या कुणाचे तरी संभाषण पुसट ऐकू येई. ब्रॉडबँडमध्ये तसे काही ऐकू येत नाही. मोडेमच्या पानावरचा एक आकडा खाली येतो, इतकेच. या क्रॉसटॉकला, म्हणजे एका जोडीतला संदेश शेजारच्या जोडीत झिरपण्याला, आवर घालण्याचे उपाय कोणते, आणि त्यांतला कोणता कुठे कामी येतो, याविषयी सविस्तर लिहायचे बरेच दिवस मनात होते.

दोन तारा शेजारी शेजारी धावू लागल्या की त्यांच्यात विद्युत आणि चुंबकीय असे दोन्ही प्रकारचे कपलिंग होतेच. त्यावर अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ साली पेटंट घेतलेला उपाय आजही पहिला आणि सर्वांत स्वस्त उपाय आहे. प्रत्येक ग्राहकाला दोन तारा द्यायच्या आणि त्या एकमेकींभोवती पिळून न्यायच्या. संदेश त्या दोन तारांमधल्या फरकात असतो. बाहेरची बाधा दोन्ही तारांवर जवळपास सारखीच बसते आणि फरक काढताना वजा होऊन जाते. शेजारच्या दोन जोड्यांचा पीळ एकाच मापाचा असेल तर त्यांच्या तारा प्रत्येक वेढ्याला त्याच क्रमाने समोरासमोर येतात आणि ही वजाबाकी फसते, म्हणून एकाच गटातल्या जोड्यांना मुद्दाम वेगवेगळ्या लांबीचे पीळ दिलेले असतात. सुमारे ४ किलोहर्ट्झपर्यंतच्या आवाजासाठी ही व्यवस्था उत्तम होती. पुढे डीएसएलच्या, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरील ब्रॉडबँडच्या, एकेक पिढ्या आल्या: एडीएसएलने तीच तार १.१ मेगाहर्ट्झपर्यंत वापरली, एडीएसएल२ प्लसने २.२ पर्यंत, व्हीडीएसएल२ च्या १७ए प्रोफाइलने १७.७ पर्यंत, आणि जी.फास्टने १०६ व नंतर २१२ मेगाहर्ट्झपर्यंत. तार तीच, पीळ तोच, जॉइंट करणाऱ्या हातांची सवयही तीच. वारंवारिता मात्र हजारो पटींनी वर गेली.

क्रॉसटॉकचे दोन प्रकार वेगळे ठेवले नाहीत तर पुढचे काहीच नीट समजत नाही. पहिला जवळच्या टोकाचा, ज्याला नेक्स्ट म्हणतात. पिलरमधील एक पोर्ट जोरकस संदेश पाठवत असतो आणि त्याच्या शेजारचा पोर्ट लांबून थकून आलेला संदेश ऐकत असतो; पहिल्याचा पाठवलेला संदेश तिथल्या तिथेच दुसऱ्याच्या जोडीत शिरतो. दुसरा दूरच्या टोकाचा, म्हणजे फेक्स्ट. एका जोडीवर निघालेला संदेश वाटेत शेजारच्या जोडीत झिरपतो आणि तिच्या स्वतःच्या संदेशासोबत पुढे जाऊन पलीकडच्या मोडेममध्ये पोहोचतो. तारेत होणारी क्षीणता बाजूला ठेवली तर नेक्स्टची शक्ती ढोबळमानाने वारंवारितेच्या दीड घाताने आणि फेक्स्टची वर्गाने वाढते. वारंवारिता दहापट झाली तर नेक्स्ट सुमारे तीसपट आणि फेक्स्ट शंभरपट होतो.

नेक्स्टचा बंदोबस्त त्यामानाने सोपा निघाला. येणारा आणि जाणारा संदेश वेगवेगळ्या पट्ट्यांत ठेवला की स्वतः पाठवत असलेल्या पट्टीत कुणी ऐकत बसलेलेच नसते. एडीएसएलमध्ये ही सीमा १३८ किलोहर्ट्झला आहे. व्हीडीएसएल२ च्या ९९८ नावाच्या आराखड्यात ३.७५, ५.२, ८.५ आणि १२ मेगाहर्ट्झ अशा सीमा आखून पट्ट्या आलटूनपालटून वाटल्या आहेत. जी.फास्टने पट्ट्यांऐवजी वेळ वाटून घेतली, म्हणजे साऱ्या लाइनी एकाच वेळी पाठवतात आणि एकाच वेळी ऐकतात. फेक्स्टला मात्र अशी वाटणी लागू पडत नाही, कारण तो आपल्याच दिशेने, आपल्याच पट्टीत, आपल्याच वेळेला येतो. लांब तारेवर तो वाटेत स्वतःच क्षीण होतो आणि फारसा जाणवत नाही. कंपन्यांनी फायबर पिलरपर्यंत आणून तांब्याचा पल्ला कमी केला तेव्हा क्षीणतेचा अडसर दूर झाला, आणि इतके दिवस तिच्यामागे दबलेला फेक्स्ट पुढे येऊन बसला.

त्याची किंमत किती, हे साध्या हिशेबाने काढता येते. डीएसएलमध्ये पट्टीचे ४.३१२५ किलोहर्ट्झ अंतराने हजारो बारीक वाहकांत तुकडे केलेले असतात आणि प्रत्येक वाहकावर त्याच्या वाट्याच्या संदेश-गोंगाट गुणोत्तराप्रमाणे जास्तीत जास्त १५ बिट लादले जातात. एक बिट जास्त लादायचा तर गुणोत्तर सुमारे ३ डेसिबलने चांगले हवे. समजा, क्रॉसटॉकमुळे २,००० वाहकांवरचा गोंगाट १० डेसिबलने वाढला. प्रत्येक वाहकाचे साधारण ३ बिट गेले, आणि वाहकांवर सेकंदाला ४,००० चिन्हे जात असल्याने तोटा झाला २४ मेगाबिट प्रतिसेकंदाचा. दहा डेसिबल हा इथे काही टोकाचा आकडा नाही. शांत जोडीवर गोंगाटाची पातळी उणे १४० डीबीएम प्रति हर्ट्झच्या आसपास असते, आणि भरलेल्या केबलमध्ये ती उणे १२० च्याही वर आलेली दिसते.

हे पाहण्याची सोय अनेक मोडेममध्ये असते, पण तिकडे फारसे कुणी फिरकत नाही. तपशिलाच्या पानावर क्यूएलएन नावाचा एक आलेख मिळतो. जोडणी सुरू होताना, आपली लाइन स्वतः गप्प असताना, प्रत्येक वाहकावर किती गोंगाट होता याची ती नोंद असते. क्रॉसटॉकचा आकार या आलेखात ओळखू येतो, कारण तो शेजाऱ्याच्या वर्णपटाची सावली असतो. गोंगाट १.१ मेगाहर्ट्झपर्यंत फुगलेला असून तिथून एकदम खाली आला असेल तर शेजारी एडीएसएल आहे, पायरी २.२ ला असेल तर एडीएसएल२ प्लस; आणि वरच्या पट्ट्यांत ५.२ ते ८.५ च्या दरम्यान पठार दिसत असेल तर शेजारी व्हीडीएसएल२. मध्यम लहरींवरील रेडिओ केंद्र असेल तर एखाद्या वाहकापाशी सुईसारखे टोक येते. खराब पॉवर अडॅप्टरचा त्रास वेगळाच असतो. तो विजेच्या प्रत्येक अर्ध्या फेऱ्यासोबत, म्हणजे ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर सेकंदाला १०० वेळा, झटक्याझटक्याने येतो आणि चुकांचे आकडे भराभर वाढवतो.

रोज संध्याकाळी इंटरनेट मंदावते आणि रात्री उशिरा सुधारते, तेव्हा क्रॉसटॉकला दोष देण्याची चूक होते. शेजाऱ्याचा मोडेम एकदा जोडला गेला की तो काही डाउनलोड करो वा न करो, तारेवर सतत संदेश पाठवत राहतो, त्यामुळे क्रॉसटॉक वापराप्रमाणे वरखाली होत नाही. मोडेमने दाखवलेला सिंक वेग, म्हणजे तारेच्या दोन टोकांच्या यंत्रांत जोडणीच्या वेळी ठरलेला वेग, संध्याकाळीही तेवढाच असेल तर अडथळा पुढे, कंपनीच्या जाळ्यातल्या गर्दीत आहे. सिंक वेगच महिनोन्‌महिने पायरीपायरीने खाली येत गेला असेल, तर मात्र केबलमध्ये नवे ग्राहक येत आहेत असे समजावे. एडीएसएल२ मध्ये विजेच्या बचतीसाठी काम नसताना शक्ती कमी करण्याची एक सोय दिली होती. तिच्यामुळे शेजाऱ्यांच्या दृष्टीने गोंगाट क्षणाक्षणाला बदलू लागला आणि त्यांच्या जोडण्या तुटू लागल्या. स्थिर त्रासापेक्षा लहरी त्रास वाईट, असा हा मामला आहे.

उपायांची सुरुवात माझ्या मते तारेपासूनच व्हायला हवी, कारण जॉइंट बिघडलेला असताना वरचे सारे गणित त्या बिघाडालाच जपत बसते. जॉइंट करताना सोयीसाठी पीळ वीतभर उलगडून ठेवला की तेवढ्या भागात त्या जोड्या एकमेकींसमोर उघड्या पडतात. एका तारेचा सांधा गंजून तिचा रोध वाढला तर दोन्ही तारांचा तोल जातो आणि बाहेरची बाधा वजा होण्याऐवजी फरकात शिल्लक राहते. या सगळ्यांत लबाड दोष म्हणजे स्प्लिट पेअर. जॉइंटमध्ये एका जोडीची एक तार आणि दुसऱ्या जोडीची एक तार अशी अदलाबदल होते. मीटर लावला तर दोन्ही तारा अखंड दिसतात, रोध बरोबर येतो, डायल टोन मिळतो, बोलणेही चालते. पण आता ‘जोडी’ म्हणून वापरल्या जाणाऱ्या दोन तारा मुळात एकमेकींभोवती पिळलेल्याच नसतात, तर प्रत्येक तार परक्या ग्राहकाच्या तारेभोवती पिळलेली असते, आणि अशा दोन लाइनींमधला क्रॉसटॉक भयंकर असतो. तो पकडायचा तर कपॅसिटन्स मोजावा लागतो. चांगल्या जोडीचा कपॅसिटन्स किलोमीटरला सुमारे ५० नॅनोफॅरड भरतो. स्प्लिट झालेल्या भागात तो त्याहून कमी येतो आणि लांबीचा हिशेब जुळेनासा होतो. आपली जोडी स्प्लिट आहे हे ग्राहकाला कळण्याचा मार्ग जवळजवळ नाही. त्याने एवढेच सांगावे की नुसती अखंडता तपासून जाऊ नका, कपॅसिटन्सही मोजा.

घरातल्या भागाबद्दल थोडक्यात सांगतो. पीळ नसलेली चपटी लांब वायर काढून पिळलेली जोडी वापरावी, मोडेम लाइनच्या पहिल्या सॉकेटलाच लावावा, आणि पुढच्या खोल्यांत गेलेले जुने फाटे तोडून टाकावेत, कारण मोकळे सोडलेले फाटे अँटेनासारखे वागतात आणि शिवाय वर्णपटात खड्डे पाडतात. यामुळे केबलमधला फेक्स्ट कमी होत नाही, पण त्यात घरातली भर पडत नाही.

दुसऱ्या प्रकारचे उपाय शक्तीच्या शिस्तीचे आहेत. पिलरच्या अगदी जवळच्या घरातला मोडेम पूर्ण शक्तीने पाठवू लागला की दूरच्या घरातून आलेला क्षीण संदेश पिलरपाशी त्याच्या क्रॉसटॉकखाली गाडला जातो. वर्गात पहिल्या बाकावरचा मुलगा ओरडून उत्तर देऊ लागला तर शेवटच्या बाकावरच्याचे ऐकू येणार नाही, तसे हे आहे. म्हणून व्हीडीएसएल२ मध्ये जवळच्या मोडेमने आपली शक्ती अंतराच्या हिशेबाने कमी करावी असा नियम आहे. उलट दिशेला, दूरच्या टेलिफोन केंद्रातून येणाऱ्या एडीएसएलच्या जोड्या त्याच केबलमध्ये असतील तर मधल्या पिलरने त्या पट्टीतली आपली शक्ती उतरवायची असते. २००२ साली वेई यू, जॉर्ज गिनिस आणि जॉन चिऑफी यांनी याच्या पुढचा विचार मांडला. ठरावीक नियमाऐवजी प्रत्येक मोडेमने आपल्याला दिसणाऱ्या गोंगाटाप्रमाणे, आणि आपल्याला जेवढा वेग हवा तेवढ्यापुरतीच, शक्ती वाहकांवर वाटावी. मग शेजाऱ्यांनी बदललेल्या परिस्थितीत पुन्हा वाटावी, असे करत करत सारी केबल एका समतोलावर येते. मध्यवर्ती गणकाची गरज नाही, हे या पद्धतीचे मोठेपण. यात मला विशेष पटणारी गोष्ट ‘हवा तेवढाच वेग’ ही आहे. २० मेगाबिटचा दर भरणाऱ्या ग्राहकाची लाइन ६० मेगाबिटला पुरेल इतकी शक्ती ओतत असेल तर त्या जादा शक्तीचा उपयोग कुणालाच नाही आणि उपद्रव मात्र शेजाऱ्यांना आहे. साध्या सेटिंगने साधणारे हे काम कंटाळवाणे असल्यामुळेच मागे पडते, असा माझा समज आहे.

शिस्तीला मात्र मर्यादा आहे. शक्ती कमी करणे म्हणजे एकाने दुसऱ्यासाठी काहीतरी सोडणे, आणि सर्वांनाच जास्त वेग हवा असेल तेव्हा सोडायला कुणाकडे काही उरत नाही. व्हेक्टरिंगने हा प्रश्न वेगळ्या बाजूने धरला. क्रॉसटॉक हा इतर गोंगाटासारखा अज्ञात नसतो. तो कुणीतरी मुद्दाम पाठवलेला संदेश असतो, आणि पिलरमधल्या त्याच यंत्राने तो पाठवलेला असेल तर त्या यंत्राला तो आधीपासून ठाऊक असतो. मग शेजाऱ्याचा संदेश आपल्या जोडीत किती आणि कोणत्या कलेत (फेजमध्ये) झिरपणार हे मोजून, त्याचा नेमका उलटा भाग आपल्या संदेशात पाठवतानाच मिसळून ठेवायचा. वाटेत झिरपलेला भाग आणि मिसळलेला उलटा भाग एकमेकांना खोडतात आणि ग्राहकाच्या मोडेमपर्यंत स्वच्छ संदेश पोहोचतो. ग्राहकाकडून येणाऱ्या दिशेला सारे संदेश पिलरमध्येच येत असल्याने तिथे एकत्र वजाबाकी करता येते. गिनिस आणि चिऑफी यांनी हाही विचार २००२ मध्येच सविस्तर मांडला, आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचे (आयटीयू) व्हेक्टरिंगसाठीचे जी.९९३.५ हे मानक २०१० मध्ये आले.

मोजणी कशी होते हे जवळून पाहण्यासारखे आहे. व्हीडीएसएल२ मध्ये प्रत्येक २५६ माहिती-चिन्हांनंतर एक सिंक चिन्ह येते. त्यावर ग्राहकाची माहिती नसते. व्हेक्टरिंगमध्ये साऱ्या लाइनींची सिंक चिन्हे एकाच क्षणी पाठवली जातात आणि प्रत्येक लाइनीवर अधिक-उणे चिन्हांचा स्वतःचा वेगळा क्रम चालतो. हे क्रम एकमेकांशी काटकोनात असतात, म्हणजे दोन क्रमांचा पदशः गुणाकार करून बेरीज केली तर शून्य येते. ग्राहकाचा मोडेम सिंक चिन्ह जसे यायला हवे होते आणि जसे प्रत्यक्ष आले यांतला फरक मोजून परत कळवतो. पिलरमधले यंत्र या फरकांची प्रत्येक लाइनीच्या क्रमाशी सांगड घालते आणि कुणाचा किती हिस्सा होता ते वेगवेगळे काढते. सेकंदाला ४,००० चिन्हे धरली तर दोन सिंक चिन्हांमध्ये सुमारे ६४ मिलिसेकंद जातात. २५६ लांबीचा क्रम पूर्ण व्हायला साडेसोळा सेकंदांच्या आसपास वेळ लागतो. नवी लाइन जोडली जाताना ती सुरुवातीला केवळ सिंक चिन्हांच्या क्षणीच बोलते, म्हणजे तिचा क्रॉसटॉक कुणाच्या माहितीवर पडण्याआधीच मोजून होतो. या संपूर्ण मानकातला मला सर्वांत देखणा वाटणारा भाग हाच आहे.

गणिताचा बोजा मात्र मोठा आहे. १०० लाइनी आणि ३,००० वाहक धरले तर प्रत्येक वाहकावर १०० गुणिले १०० चे कोष्टक, आणि ते सेकंदाला ४,००० वेळा गुणायचे. म्हणजे सेकंदाला १२,००० कोटी गुणाकार, तेही संमिश्र संख्यांचे. सुदैवाने केबलच्या रचनेमुळे बहुतेक त्रास दोन-चार जवळच्या जोड्यांकडूनच होतो. शिवाय या वारंवारितांना आपल्या तारेचा थेट मार्ग झिरपण्याच्या मार्गापेक्षा कितीतरी बलवान असतो, त्यामुळे साधी रेषीय पद्धत पुरेशी ठरते. फायदाही तसाच भरघोस आहे. पिलरपासून ५०० मीटरच्या आतल्या लाइनी १७ए प्रोफाइलवर १०० मेगाबिटच्या आसपास जाऊ शकतात. तेवढ्याच अंतरावर व्हेक्टरिंगशिवाय भरलेल्या केबलमध्ये त्याच्या निम्मा वेग मिळाला तरी पुष्कळ म्हणायचा.

पण ‘त्याच यंत्राने पाठवलेला असेल तर’ ही जी अट वर आली, तिच्यात सारी गोम आहे. त्याच केबलमध्ये दुसऱ्या कंपनीचे वेगळे यंत्र काही जोड्यांवर पाठवत असेल तर त्याचा संदेश पहिल्या यंत्राला ठाऊक नसतो आणि खोडताही येत नाही. अशी एखाददुसरी जोडीसुद्धा जवळच्या लाइनींचा बराचसा फायदा खाऊन टाकते. तारा वेगवेगळ्या कंपन्यांना भाड्याने देऊन स्पर्धा आणण्याचे धोरण जिथे होते तिथे त्यामुळे पेच पडला. जर्मनीत नियामक संस्थेने २०१३ मध्ये डॉइचे टेलिकॉमला पिलरपाशी व्हेक्टरिंगची मुभा दिली, २०१६ मध्ये टेलिफोन केंद्रांच्या जवळच्या भागातही दिली, आणि त्या बदल्यात प्रतिस्पर्ध्यांना प्रत्यक्ष तारेऐवजी त्याच यंत्रावरून आभासी जोडणी देण्याची अट घातली. स्पर्धकांनी याला पुन्हा मक्तेदारी म्हटले. तांत्रिकदृष्ट्या केबल एकाच्या हाती असणे श्रेयस्कर, आणि ग्राहकाच्या दृष्टीने एकाच्या हाती असणे धोक्याचे. मला तरी यातून दोन्ही बाजू पूर्ण राखणारा मार्ग दिसलेला नाही.

कंपनी एकच असली तरी जुने मोडेम हाच अडथळा होतो. व्हेक्टरिंग न समजणारा व्हीडीएसएल२ मोडेम फरक मोजून कळवू शकत नाही, आणि ताठरपणे स्वतःच्या पद्धतीने सुरू झाला तर इतरांच्या जोडण्या हादरवतो. त्यावर सॉफ्टवेअरने निदान इतरांना त्रास न देणारा मोडेम घडवण्याची सोय मानकात आहे. तीही जमत नसेल तर कंपनी अशा लाइनीला खालच्या वारंवारितांपुरतीच मर्यादित ठेवते. त्यामुळे कंपनीने मोडेम बदलायला सांगितले आणि आपला जुना मोडेम ‘उत्तम चालतो’ असे वाटत असले, तर तो कुणासाठी उत्तम चालतो हेही पाहावे.

तार साधारण एक किलोमीटरच्या पुढे गेली की व्हेक्टरिंगचा उपयोग झपाट्याने ओसरतो, कारण तिथे वरच्या पट्ट्या क्षीणतेनेच संपलेल्या असतात आणि खोडायला फेक्स्ट फारसा उरतच नाही. अशा लाइनीवर व्हेक्टरिंगच्या महागड्या यंत्रापेक्षा नीट केलेला जॉइंट जास्त देऊन जातो. उलट टोकाला, १०० मेगाहर्ट्झच्या वर, जी.फास्टमध्ये शेजाऱ्याकडून झिरपलेला संदेश स्वतःच्या संदेशाच्या बरोबरीला येऊ लागतो. तिथे रेषीय पद्धतीने उलटा भाग मिसळायचा तर तोच इतका मोठा होतो की शक्तीची मर्यादा ओलांडली जाते, म्हणून बेरीज मर्यादेबाहेर गेली की ती ठरावीक मापाने दुमडून पुन्हा आत आणणारी अरेषीय पद्धत वापरावी लागते. टॉमलिन्सन आणि हाराशिमा यांच्या नावांनी ओळखली जाणारी ही पद्धत दोघांनी स्वतंत्रपणे शोधली होती, आणि तीही १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला, म्हणजे घरोघरी ब्रॉडबँड येण्याच्या कितीतरी आधी.